राहत्या घराची तपासणी

नातेलानं न्हाणीघरातला रुमेनचा दाढीचा ब्रश उचलला, फडक्यात गुंडाळला आणि औषधांच्या कपाटात अगदी मागे सारला. दारामागे लटकणारा त्याचा जुना झगा काढून धुवायच्या कपड्यांत खाली दडपला. पलंगाखालच्या त्याच्या टाचा झिजलेल्या सपाता पिशवीत घालून गॅलरीतल्या खोक्यात टाकल्या. शेवटी त्याच्या बाजूची उशी थोपटून सपाट केली. तिच्यावर कुणी डोकं टेकलं त्याला बरेच दिवस झाले होते, तरी केली.

मग ती दारात उभी राहिली आणि परक्याच्या नजरेनं तिनं घराकडे पाहिलं. खिडकीतून अँटवर्प बंदरातल्या क्रेन दिसत होत्या आणि काचेवर बोटाचा एक ठसाही नव्हता. टेबलावर इस्त्रीचं आच्छादन, त्यावर ताटल्या, भांडी, मधोमध फुलं. घरात अजून कुणी पाऊलच टाकलं नाही, इतकं ते नवं दिसत होतं. नातेलाला समाधान वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला.

"पोलीस आला का?" रुमेननं विचारलं. तो स्पेनमधल्या कुठल्याशा ट्रकतळावर केबिनच्या पायरीवर बसून टोमॅटो खात होता. चावण्याचा आवाज तिला ऐकू येत होता.

"नाही अजून."

"आज काय रांधलंस त्याच्यासाठी?"

"अक्रोडाच्या वाटणातली कोंबडी. चीज भरलेली पोळी. थोडा घेवडा."

"आणि काल?"

"काल वांगी होती."

"परमेश्वरा! लग्नाचा नवरा इथे डबाबंद मासे खातोय आणि तो पोलीस न येताच रोज जेवतोय."

"पाहुणा आहे तो, रुमेन."

"पोलीस आहे तो, नातेला."

"दारात येतो तो पाहुणा. आपण कोण ठरवणार? वरचा पाठवतो."

रुमेन हसला. शाळेत दोघंही आपापल्या देशात रशियन शिकली होती, तो बल्गेरियात, ती जॉर्जियात. त्या शाळकरी रशियनवर त्यांचा संसार चालत असे. रशियनमध्ये शब्द सापडला नाही की ग्रीक वापरायचं, कारण भेट झाली होती ग्रीसमध्ये. तिथे नातेला एका अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीची सेवा करत होती. वर्षानुवर्षं परक्यांच्या घरात, घडीच्या खाटेवर, कपडे कायम बॅगेत. त्या म्हातारीच्या गल्लीत रुमेनचा ट्रक अडकला, आणि पुढचं सगळं झालं. त्यामुळे हे दोन खोल्यांचं भाड्याचं घर म्हणजे तिच्या आयुष्यातलं पहिलं असं घर होतं, जिथे कपाटाचं दार तिनं स्वतःच्या कपड्यांसाठी उघडलं होतं.

ते घर राहणार की जाणार, हे आता त्या न येणाऱ्या पोलिसावर होतं. नगरपालिकेत खिडकीमागच्या बाईंनी तिला नीट समजावलं होतं. रुमेन बल्गेरियाचा, म्हणजे युरोपीय संघाचा नागरिक. त्याला इथे राहायचा, कमवायचा हक्क आहे. ती जॉर्जियाची, संघाबाहेरची. तिचा हक्क त्याच्यामागून येतो, तोही दोघं खरोखर एका घरात राहत असतील तरच. तेव्हा वस्तीचा पोलीस येऊन बघून जाईल. तो हो म्हणाला की राहण्याचं तात्पुरतं नारिंगी कार्ड मिळेल, मग काही महिन्यांनी पक्कं. तो नाही म्हणाला तर देश सोडावा लागेल.

"कधी येणार?" नातेलानं विचारलं होतं.

"ते सांगत नसतात, मॅडम."

"काय बघायला येणार?"

"तुम्ही तिथे राहता का, ते."

"मी राहते."

"हो. तेच बघायला."

नातेला तिथून निघाली तेव्हा प्रत्येक शब्द तिला कळला होता, आणि नेमकं काय करायचं ते काहीच कळलं नव्हतं. माणूस राहतो हे कसं दाखवायचं? राहणं ही काय ताटात वाढून दाखवायची गोष्ट आहे? शेवटी तिनं आईनं शिकवलेलं केलं. घर घासलं, आणि रांधलं.

*

दारावर थाप पडली ती बुधवारी दुपारी. दारात उंच, पिकल्या मिशांचा माणूस उभा होता. अंगावर पावसाचा निळा कोट, काखेत सायकलचं हेल्मेट.

"हेरमन," तो म्हणाला. "या वस्तीचा पोलीस."

"या, या. बसा. या ना."

तिनं त्याच्यापुढे पाहुण्यांसाठी आणलेल्या नव्या सपाता ठेवल्या. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं, आपल्या चिखलाच्या बुटांकडे पाहिलं आणि बूट पायपुसण्यावर बराच वेळ घासले. पण तो बसला नाही. तिनं खुर्ची ओढली, त्यानं छातीवर हात ठेवून मान हलवली. तिनं ताटलीवरचं झाकण काढलं.

"नको, मॅडम. आम्हाला चालत नाही."

नातेलाच्या एकदम लक्षात आलं. आज बुधवार, मांस-दूध वर्ज्य करायचा वार! उपास असणार माणसाचा. आपण कोंबडी पुढे केली, चीज पुढे केलं! ती ओशाळून स्वयंपाकघरात पळाली आणि घेवडा घेऊन आली.

"यात काही नाही," ती आपल्या तोडक्यामोडक्या डचमध्ये म्हणाली. "लोणी नाही. अंडं नाही. तेल फक्त."

हेरमननं घेवड्याकडे पाहिलं. 

"तुमचे पती कुठे आहेत?"

"रस्त्यावर."

"रस्त्यावर?"

"ट्रक. स्पेन. नाही, आता फ्रान्स असेल. देव ठेवील तिथे."

त्यानं न्हाणीघरात डोकावलं. पेल्यात एकच दातांचा ब्रश होता, कारण रुमेन आपला बरोबर नेत असे. झोपायच्या खोलीत पलंगावरची चादर ताणून बसवलेली, एक सुरकुती नाही. त्यानं विचारलं म्हणून तिनं कपाट उघडलं, आणि उघडताना तिला जरा अभिमानच वाटला. रुमेनचे शर्ट रांगेत, घडीत घडी, मध्ये लव्हेंडरच्या वाळक्या काड्या. हेरमननं एका शर्टाच्या कॉलरखाली बोट घातलं. दुकानातला पुठ्ठा अजून तिथेच होता.

"हे ते घालतात?"

"नाही नाही. हे चांगले. ईस्टरला."

"आणि रोजचे?"

"रोजचे त्याच्याबरोबर. ट्रकमध्ये."

"चपला? दाढीचं सामान?"

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पाहुणा घरात येऊन घरधन्याच्या झिजलेल्या सपाता बघायला मागतो, ही कुठली रीत?

"ते दाखवण्यासारखं नाही," ती खाली बघत म्हणाली.

हेरमननं हुंकार भरला. खोलीभर एकदा नजर फिरवली, फुलांवर, काचेवर, ताटल्यांवर, आणि हेल्मेट डोक्यावर चढवलं.

"मी परत येईन, मॅडम. पती असतील तेव्हा."

"निदान घासभर…"

"वास फार छान आहे," तो म्हणाला, आणि जिना उतरून गेला.

नातेला उघड्या दारात उभी राहिली. तिच्या गावी पाहुणा उपाशी गेला की त्या घरात काहीतरी बिनसलंय असं समजत. तिनं जाऊन घेवडा चाखून पाहिला. मीठ बरोबर होतं.

*

रविवारी दुपारी, कॅथलिक मंडळींची प्रार्थना आटोपल्यावर, जॉर्जियन मंडळींना त्यांचं छोटं प्रार्थनाघर मिळत असे. नातेला गायकांत उभी राहायची, खालच्या सुरात. वरचे दोन सूर वळणं घेत, भांडत, समजूत काढत वर चढायचे आणि खालचा सूर आपला तंबोऱ्यासारखा जागच्या जागी धरून ठेवायचा. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. तो थांबला की मात्र सगळे मागे वळून बघतात.

फादर प्रवचन बोलत कमी आणि गात जास्त. वाक्य साधं सुरू व्हायचं, मध्येच त्याला पंख फुटायचे, आणि शेवट गायकांनी उचलायचा. त्या दिवशी त्यांनी नेमका हाच विषय धरला: मालक येतो तेव्हा सांगून येत नाही, बाबांनो. तेव्हा झाडून ठेवा. पुसून ठेवा. कोपरे बघा, कोपरे! माणूस मधलं झाडतो आणि कोपरे देवासाठी सोडतो!

नातेलाला वाटलं, आपल्यासाठीच चाललंय हे. तिनं सूर धरता धरता शेजारच्या दोदोमावशीच्या कानात बुधवारची हकिगत सांगितली. दोदोमावशी सत्तरीची, इथे येऊन तिला जमाना लोटलेला. शहरातल्या प्रत्येक जॉर्जियन बाईचे कागद कुठे अडले आहेत हे तिला तोंडपाठ होतं.

"काय केलंस?" मावशी इतक्या मोठ्यानं म्हणाली की वरचा सूर चुकला.

"घर आवरलं."

"झगा?"

"धुवायला टाकला."

"सपाता?"

"गॅलरीत."

"अगं देवा! अगं खुळे, त्याला पसारा बघायचा असतो!"

"कोपरे बघा!" फादरांनी तान घेतली.

"बघू नको!" मावशी दातांतल्या दातांत म्हणाली. "कोपरे बिलकूल बघू नकोस. ऐक. हा माणूस बघतो की इथे दोघं राहतात का. दोन ब्रश, दोन टॉवेल, पुरुषाचे मळके मोजे. उष्टे कप. पलंग दोन्हीकडून चुरगळलेला. तू त्याला काय दाखवलंस? हॉटेल!"

"पण पाहुण्यासमोर मळके मोजे…"

"पाहुणा नाही गं तो!"

"दारात आला ना?"

मावशीनं छातीवर क्रूस काढला. प्रार्थनेचा होता की वैतागाचा, ते कळलं नाही. मग तिचा आवाज उतरला.

"पोरी, ऐक माझं. गेल्या वर्षी माझ्या ओळखीतली एक अशीच. नवरा पोलंडचा, जहाजावर. पोलीस दोनदा आला, दोन्ही वेळा नवऱ्याचा पत्ता नाही, घरात त्याची काडी नाही. लिहून गेले, इथे तो राहत नाही. झालं. खरं लग्न होतं गं, मी स्वतः नाचले होते त्यात. महिन्याभरात बाई परत जॉर्जियात, कुताईसीला. आता फोनवर संसार करते."

गायकांनी शेवटचं पद उचललं. नातेलाला तिचा सूर सापडायला क्षणभर उशीर झाला. राहायचं तर आवरायचं नाही. देव येणार तर आवरायचं. आणि जो येतो तो कोण, हेच जर ठाऊक नसेल, तर?

*

रुमेन त्या शुक्रवारी संध्याकाळी आला. नेहमीसारखी बॅग दाराशी भिंतीला टेकवून ठेवली आणि खुर्चीच्या कडेवर बसला.

"टॉवेल घेऊ का?" त्यानं विचारलं.

"विचारतोस काय? तुझंच घर आहे."

"हो, पण कुठला घेऊ?"

शनिवारी सकाळी नातेला कामाला लागली. झगा बाहेर आला, सपाता पलंगाशी आल्या, तेही एक उलटी. टेबलावर दोन उष्टे कप. रुमेनच्या बॅगेतून तिनं वापरलेले मोजे शोधून काढले. एक खुर्चीवर टाकला, दुसऱ्याला जागा सुचेना, तो मावशीच्या सल्ल्यानं उभ्या दिव्याच्या टोपीवर ठेवला. पलंगावर बसून ती दोन्ही बाजूंनी थोडं थोडं लोळली. परत बाहेर आली तर कप धुऊन पालथे घातलेले, सपाता जोडीनं, आणि रुमेन झग्याची घडी करतोय.

"काय करतोयस?"

"पसारा होता."

"मी केलाय तो! सकाळपासून!"

"का?"

"पोलिसासाठी."

रुमेननं घडी तशीच हातात धरली. "गेल्या आठवड्यात तू पोलिसासाठी आवरत होतीस."

"ते चुकलं होतं."

"नातेला, केबिनमध्ये दोन हात जागा असते. वस्तू जागच्या जागी नसली तर पहिल्याच वळणावर डोक्यात बसते. मला हे बघवत नाही."

"मग डोळे मीट! आण तो झगा. आण म्हणते!"

"झग्यानं काय केलंय तुझं?"

"तू इथे राहतोस हे दाखवायचंय त्यानं! तू दाखवत नाहीस, मग त्यानं दाखवायचं!"

वाक्य तोंडातून निघाल्यावर तिलाच ते नवं वाटलं. झगा दोघांच्या मध्ये ताणलेला होता. तेव्हाच दारावर थाप पडली.

हेरमन आत आला. या वेळी त्यानं न सांगता खुर्ची घेतली, त्यावरचा मोजा उचलून हातात धरला आणि दुसऱ्याचा शोध घेत त्याची नजर दिव्यापाशी थांबली.

"गेल्या वेळी घर स्वच्छ होतं, मॅडम," तो म्हणाला.

"हो."

"आणि आता?"

"आता आम्ही राहतो," नातेला म्हणाली.

हेरमनच्या मिशीखाली काहीतरी हललं. तो रुमेनकडे वळला. केव्हा आलात, कुठून आलात, परत केव्हा जाणार? रुमेन गोदामात शिकलेल्या चार शब्दांत उत्तरं देत राहिला. नातेला झगा पोटाशी धरून उभी होती. मग अगदी सहज, वेळ विचारावी तसा, हेरमन म्हणाला,

"घराची किल्ली दाखवता का तुमची?"

रुमेननं खिशातून जुडगा काढून टेबलावर ठेवला आणि एकेक किल्ली बाजूला केली. ही ट्रकची. ही डिझेलच्या झाकणाची. ही मागच्या कुलपाची. ही मोठी, गंजकी, बल्गेरियातल्या, प्लोवदिवच्या आईच्या घराची. आई गेली, घर विकलं, किल्ली राहिली. जुडगा संपला.

"आणि इथली?"

"नाही."

"हरवली?"

"कधी नव्हतीच."

 दुसरी किल्ली नातेलाच्या मागेच खिळ्याला लटकत होती, पहिल्या दिवसापासून. द्यायची राहिली असंही नव्हतं. द्यावी असं कधी दोघांच्याही मनात आलं नव्हतं. कुताईसीची ती अनोळखी बाई तिला दिसली, फोन कानाला लावून बसलेली. काहीतरी बोलायला हवं होतं. दुरुस्तीला दिली होती, म्हणावं. कालच तुटली, म्हणावं. डच भाषेतलं सगळं एकाएकी डोक्यातून पुसलं गेलं.

"मग तुम्ही आत कसे येता?" हेरमननं विचारलं.

"बेल वाजवतो."

"आणि?"

"ही उघडते."

"आणि ही घरी नसली तर?"

रुमेननं विचार केला. हा प्रश्न त्याला आजवर पडलेला नाही, हे त्याच्या कपाळावरच दिसत होतं. अनोळखी फाट्यावर माणूस पाटी शोधतो, तसं त्यानं नातेलाकडे पाहिलं.

"ही असते," तो म्हणाला.

 हेरमननं खुर्ची नातेलाकडे वळवली.

"मॅडम, तुम्ही सांगा. हे इथे राहतात?"

काय म्हणायचं ते तिला ठाऊक होतं. एकच तर शब्द, आणि तोही भाषेतला सगळ्यात सोपा. पण समोरचा माणूस दारातून आला होता, आणि दारातून आलेल्याशी खोटं बोलायला तिची जीभ वळेना. आणि खोटं तरी ते होतं का? तेही तिला आता नक्की सांगता आलं नसतं.

"इथे मी राहते," ती म्हणाली. "हा येतो."

"नातेला!" रुमेन दबक्या आवाजात ओरडला.

"खरं तेच सांगते. हा येतो. दर वेळी येतो." तिला पुढचा शब्द सापडेना; तिनं झगा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "दुसरीकडे कुठे जात नाही."

खाली रस्त्यावरून ट्राम गेली, काचा थरथरल्या आणि थांबल्या. हेरमननं हातातल्या मोज्याची नीट घडी केली, ती टेबलावर जुडग्याशेजारी ठेवली आणि उठला.

"सोमवारनंतर नगरपालिकेत जा. नारिंगी कार्ड घ्यायला."



"म्हणजे हो?" रुमेननं विचारलं.

"म्हणजे हो." दारातून तो मागे वळला. "एक किल्ली जवळ ठेवा. आणि दिव्यावरचा मोजा काढा, घर पेटेल."

त्याची पावलं जिन्यावर विरली तशी नातेला मटकन पलंगावर बसली आणि रडायला लागली. रुमेननं मोजा काढला. काय करावं न सुचून दिवाही पुसला. मग तिनंच डोळे पुसले, खिळ्यावरची किल्ली काढली आणि त्याच्यापुढे धरली.

रुमेननं तिची मूठ मिटली.

"नको."

"साहेब काय म्हणाला ऐकलंस ना?"

"किल्ली असली की तू उठणार नाहीस."

"उठेन."

"नाही उठणार. कशाला उठशील? आला असेल, येईल आत, म्हणशील." त्यानं तिच्या मुठीतून किल्ली सोडवली आणि परत खिळ्याला लावली. "बेल वाजवली की आतून तुझी पावलं येतात. ते बरं असतं."

*

नारिंगी कार्डामागे एक गोष्ट आली, जिचा विचार दोघांनीही केला नव्हता. त्या कार्डावर कामही करता येत होतं. दोदोमावशीनं शब्द टाकला आणि नातेला एका वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात लागली. सकाळी जायचं, दुपार कलली की सुटायचं. मोठ्या यंत्रांतून वाफाळत्या चादरी निघायच्या. एक टोक तिनं धरायचं, दुसरं समोरच्या मोरोक्कन बाईनं, आणि दोघींनी चालत एकमेकींपाशी यायचं. तिच्या छातीवर तिच्या नावाची पट्टी होती. संध्याकाळी घरी आली की ती थकलेली असायची, आणि त्या थकण्याचं तिला नवल वाटायचं.

"छान," रुमेन फोनवर म्हणाला होता. "छान, छान." तो तेव्हा इटलीत पुलाखाली होता, आवाज तुटत होता. सुट्टीचे शनिवार-रविवार दोघांचे होतेच. बाकीच्या दिवसांचं काही बोलणं झालं नाही.

एका गुरुवारी नातेला कामावरून आली. इमारतीचं खालचं दार नेहमीसारखं सताड उघडं होतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती थबकली.

तिच्या दाराशी, वरच्या पायरीवर, रुमेन बसला होता. बॅग मांडीवर, डोकं भिंतीला टेकलेलं, तोंड अर्धवट उघडं. झोपला होता. शेजारी समोरच्या घरातल्या बाईंचा निळ्या फुलांचा कप होता आणि त्याच्या तळाशी कॉफी वाळून तडकली होती. मालाची एखादी खेप रद्द झाली असेल. असं कधीतरी होतं. तिनं फोन काढून बघितला. धुलाईघरात फोन कपाटात ठेवावे लागत. त्याचे कॉल होते, आधी जवळजवळचे, मग लांबलांबचे, मग नाहीत.

हाक मारायला तिनं तोंड उघडलं, आणि मिटलं.

त्याच्या बुटांचे तळवे तिच्याकडे होते. एकाच्या भेगेत कुठल्या तरी देशाचा खडा रुतून बसला होता.

नातेलानं आपले बूट काढून हातात घेतले. कठड्याला धरून, पाय उचलून, ती त्याच्या बाजूनं वर गेली. किल्ली फिरवताना दुसऱ्या हातानं कुलूप दाबून धरलं, म्हणजे आवाज होणार नाही. आत शिरली, दार हळूच लावून घेतलं. कामाचा डगला काढला, घरातला अंगात चढवला, पाणी उकळायला ठेवलं. केसांवरून एकदा कंगवा फिरवला. मग तिनं पातेल्याचं मोठं झाकण घेतलं, स्वयंपाकघराच्या फरशीवर सोडून दिलं आणि ते गोल गोल फिरत गप्प होईपर्यंत तशीच उभी राहिली.

बाहेर काहीतरी हललं. बॅगेचा बंद घासला. कुणीतरी खाकरलं. मग बराच वेळ काही नाही.

बेल वाजली.

नातेला निघाली. स्वयंपाकघरापासून दारापर्यंत अंतर ते कितीसं. पण ती टाचा टेकवत, प्रत्येक पाऊल वाजवत गेली. दार उघडलं.

रुमेनचे डोळे लाल होते आणि एका गालावर भिंतीचा चुना लागला होता. हातात शेजारणीचा कप होता, तो त्यानं मागे घेतला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, डगल्याच्या चुकीच्या काजात अडकलेल्या बटणाकडे, वाफेनं अजून दमट असलेल्या केसांकडे.

"कधी आलास?" नातेलानं विचारलं.

"आत्ताच," तो म्हणाला.